आधी नाली, मग डांबर

डिसेंबर १९४३. महायुद्ध ऐन भरात असताना देशभरातल्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात एकत्र आले. युद्ध संपल्यावर देशातले रस्ते कसे वाढवायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे होता. पैसा थोडा, देश मोठा आणि पावसाळा लागला की बाजारापासून, दवाखान्यापासून तुटणारी गावे असंख्य. त्या बैठकीतून वीस वर्षांचा जो आराखडा निघाला, त्याला आजही ‘नागपूर आराखडा’ म्हणतात. स्थापत्य अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तो शिकावा लागतो. राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही आपल्या ओळखीची वर्गवारी याच आराखड्याने रूढ केली.

आराखड्यातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो भाग म्हणजे त्याचे सूत्र. कोणत्या भागाला किती किलोमीटर रस्ता द्यायचा, हे कोणाच्या शब्दावर सोडलेले नव्हते. शेतीखालच्या क्षेत्राला एक भाग, पडीक क्षेत्राला त्याच्या एक चतुर्थांश. पाच हजारांवर वस्तीच्या प्रत्येक गावामागे आठ किलोमीटर मोठा रस्ता, दोन ते पाच हजार वस्तीच्या गावामागे १.६ किलोमीटर. पाचशेच्या आतल्या लहानशा खेड्याचाही वाटा ठरलेला होता: ०.३२ किलोमीटर. पुढच्या वाढीसाठी १५ टक्के जास्त धरायचे. आणि शेवटी त्या भागात रेल्वे जेवढी असेल, तेवढी लांबी मोठ्या रस्त्यांतून वजा करायची, कारण जिथे गाडी पोहोचते तिथे तोच पैसा दुसऱ्यांदा खर्चणे त्या काळी परवडणारे नव्हते. हात आखडता घ्यावा लागणार, हे मान्य करून तो कुठे आणि का आखडायचा याचा नियम या लोकांनी कागदावर उघड मांडला. दर १०० चौरस किलोमीटरला १६ किलोमीटर रस्ता हे उद्दिष्ट होते. एकूण ५,३२,७०० किलोमीटरचा तो संकल्प १९६१ पर्यंत, म्हणजे मुदतीच्या आधीच, ओलांडला गेला.

पण या आराखड्याने दोन गोष्टी बाहेर ठेवल्या आणि त्यांची किंमत आपण अजून मोजतो आहोत. त्याचे यश लांबीत मोजले गेले. बांधलेला रस्ता किती वर्षे धडधाकट राहिला, याला उद्दिष्टात जागा नव्हती. आणि त्याच्या पाच पायऱ्यांत शहरातली गल्ली कुठेच नव्हती. ती नगरपालिकेची बाब मानली गेली.

पैशाची व्यवस्थाही आधीपासून तशीच होती. वाढत्या मोटारींमुळे रस्त्यांचा खर्च प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना पेलेनासा झाला, तेव्हा १९२७ साली बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. रस्ता वापरणाऱ्याने पेट्रोलवर थोडा जास्तीचा कर द्यावा आणि तो पैसा रस्त्यांसाठीच राखून ठेवावा, असे या समितीने सुचवले. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी उभा राहिला, १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली. तो निधी रूप बदलून आजही आहे आणि आपण भरतो त्या प्रत्येक लिटर पेट्रोलमधून त्यात भर पडते. परंतु त्या पेट्रोलची गाडी जिथून सकाळी निघते आणि रात्री जिथे उभी राहते, त्या गल्लीसाठी त्यात वेगळा राखीव वाटा नाही.

गल्लीचा खर्च महापालिकेच्या डोक्यावर. नागपूर महापालिकेचे हातातले रोख उत्पन्न म्हणजे एकेकाळी जकात होती. १ एप्रिल २०१३ पासून ती जाऊन स्थानिक संस्था कर आला, ऑगस्ट २०१५ मध्ये तोही बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्य सरकारकडून दरमहा येणाऱ्या अनुदानावर मोठी भिस्त राहिली. बाकी मालमत्ता कर, पाणीपट्टी, नकाशे मंजुरीचे शुल्क. या पैशातून पगार, निवृत्तिवेतन, पाणी, कचरा, दिवे, दवाखाने सगळे भागवून जे उरते त्यात दहा झोनमधल्या गल्ल्या सांभाळायच्या. शिवाय शहरातला प्रत्येक रस्ता महापालिकेचा नाही. काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही १९३६ साली स्थापन झालेल्या सुधार प्रन्यासाचे, तर शहरातून जाणारे महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे. खड्डा कोणाचा, हे ठरवण्यातच अनेकदा पावसाळा निघून जातो.

तेव्हा प्रश्न सरळ आहे. पैसा पुरणार नाही, हे धरून चालायचे. मग आहे तो कुठे लावला तर गल्ल्या जास्तीत जास्त वर्षे चांगल्या राहतील? उत्तरासाठी रस्ता मरतो कशाने, हे आधी पाहावे लागते.

नागपूर दोन वेगळ्या जमिनींच्या सीमेवर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी आणि तिच्या पश्चिमेचा भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्टचा, तर पूर्वेकडे त्याहून कितीतरी जुना नाइस खडक. बेसाल्ट झिजून झालेली काळी माती कपाशीला उत्तम, रस्त्याला मात्र फार अवघड. तिच्यातले माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात या मातीला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि जुलैत तीच माती लोण्यासारखी मऊ होते. वर कितीही चांगले डांबर टाका, खालची जमीन दरवर्षी अशी वरखाली होत असेल तर वरचा थर तडकणारच. म्हणून काळ्या मातीवर आधी मुरमाचा जाड थर द्यायचा, किंवा मातीत चुना मिसळून तिचे फुगणे कमी करायचे, ही जुनी, खात्रीची पद्धत आहे. नागपूरच्या उशाशी कोराडी आणि खापरखेड्याची औष्णिक वीज केंद्रे आहेत. त्यांची राख भरावात आणि चुन्यासोबत मातीच्या स्थिरीकरणात वापरता येते. जवळ, मुबलक आणि स्वस्त असलेला हा माल शहराच्या लहान रस्त्यांपर्यंत पोहोचायला हवा.

पण जमिनीपेक्षाही मोठा शत्रू म्हणजे साचलेले पाणी. डांबरी रस्ता वरून एकसंध दिसतो. त्यात चार-पाच वर्षांनी केसाएवढ्या चिरा पडतात, कारण उन्हाने आणि हवेने डांबर कडक होत जाते. त्या चिरेत पाणी शिरले आणि वरून चाक गेले की पाण्यावर क्षणभर जबरदस्त दाब येतो. ते पाणी गिट्टीवरचे डांबर सोलून काढते, खालच्या थरातली बारीक चुरी बाहेर फेकते, आणि तिथे पोकळी होते. पुढच्या चाकाखाली वरचा पापुद्रा आत बसतो. हाच खड्डा. तो दिसतो जुलैत, पण त्याची तयारी झालेली असते आधीच्या दोन-तीन वर्षांत, कोणी न बुजवलेल्या चिरांमधून.

म्हणून रस्त्याला मधोमध उंची आणि दोन्ही बाजूंना उतार देतात. डांबरी रस्त्याला हा उतार साधारण अडीच टक्के लागतो. सहा मीटर रुंद गल्लीत मध्यापासून कडेपर्यंत तीन मीटर, म्हणजे मध्य कडेपेक्षा साडेसात सेंटिमीटर उंच. इतके साधे मोजमाप आहे, एक दोरी आणि पट्टी घेऊन कोणालाही तपासता येईल. पण उतारावरून आलेले पाणी कडेला जाऊन थांबले, कारण नाली मातीने भरलेली आहे किंवा नालीच नाही, तर त्या उताराचा उपयोग शून्य. कडेला साचलेले पाणी रस्त्याच्या पोटात शिरते आणि रस्ता कडेपासून खचत जातो. माझे स्पष्ट मत आहे की गल्लीतल्या रस्त्यावर करता येणारे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ काम डांबराचे नाहीच, ते नालीचे आहे. मे महिन्यात नाली उपसणे, तिचा उतार मोकळा करणे, घरांपुढच्या उतरणींनी बंद केलेली तोंडे उघडणे, यासाठी फावडे आणि माणसे लागतात, निविदा क्वचितच. या कामाचे उद्घाटन होत नाही. ते मागे पडण्याचे एक कारण तेही आहे.

पाण्याचा हिशेब चुकला की काय होते, ते २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरने पाहिले. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदीचे पाणी वस्त्यांत घुसले, माणसे दगावली, हजारो घरांचे संसार भिजले. एवढ्या पावसापुढे कोणतीही नाली अपुरी पडली असती, हे खरे. पण पाण्याला त्याच्या वाटेने जाऊ देणे हे रस्त्याच्या आखणीत पहिले काम आहे, याचा याहून कठोर पुरावा शहराला नको होता.

इथेच सिमेंट रस्त्यांचा विषय येतो. गेल्या दीड दशकात नागपुरात टप्प्याटप्प्याने मोठ्या प्रमाणावर सिमेंटचे रस्ते झाले. सिमेंटचा रस्ता पाण्याने सोलला जात नाही, नीट बांधला तर डांबरापेक्षा कितीतरी जास्त वर्षे टिकतो, आणि जिथे जड वाहतूक आहे, बस थांबतात, सतत पाणी वाहते, तिथे तो योग्यच आहे. पण अरुंद गल्लीत जुना रस्ता न खोदता त्याच्यावरच सिमेंटचा जाड थर ओतला की रस्ता घरांच्या जोत्यावर चढतो. मग पावसाचे पाणी अंगणात उतरते आणि पिढ्यान् पिढ्या कोरड्या राहिलेल्या घरात लोकांना उंबऱ्याला वीट-सिमेंटचा बांध घालावा लागतो. शिवाय सिमेंटखालची जलवाहिनी किंवा गडरलाइन फुटली तर दुरुस्तीला अख्खा तुकडा फोडावा लागतो. जिथे खालच्या वाहिन्या जुन्या आहेत, तिथे सिमेंट घाईने टाकणे म्हणजे उद्याचा खर्च आज पक्का करणे. डांबरी रस्त्यावर थरावर थर चढवत जाण्यातही हाच दोष आहे: चार सेंटिमीटरचे तीन थर झाले की रस्ता १२ सेंटिमीटर वर आलेला असतो. जुना थर यंत्राने खरवडून मगच नवा टाकायला हवा.

खड्डा बुजवण्याचीही एक शिस्त आहे. वेडावाकडा खड्डा आधी उभ्या कडांचा चौकोन कापून घ्यायचा, सगळे सुटे आणि ओले बाहेर काढायचे, तळाला आणि कडांना पातळ डांबराचा हात द्यायचा, मग गरम मिश्रण भरून रोलरने दाबायचे आणि सांधे बंद करायचे. मिश्रण प्लांटमधून निघते तेव्हा १५० अंशांच्या वर असते. ते ९० अंशांखाली उतरले की रोलर कितीही फिरवा, ते घट्ट बसत नाही. नागपूर महापालिकेकडे स्वतःचा हॉट मिक्स प्लांट आहे, जेट पॅचर यंत्राचाही वापर होतो. म्हणजे साधन आहे. कसोटी लागते ती प्लांटवरून निघालेला ट्रक वाहतुकीत अडकून माल थंड होण्याआधी कामाच्या जागी पोहोचतो की नाही, आणि चौकोन कापण्याची दहा मिनिटे कोणी वाचवत नाही ना, यावर. पावसात गरम मिश्रण चालत नाही. तेव्हा पाण्यात बारीक थेंबांच्या रूपात मिसळलेल्या डांबराचे म्हणजे इमल्शनचे थंड मिश्रण वापरायचे. केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेने पोलादाच्या मळीपासून ‘इकोफिक्स’ नावाचे तयार मिश्रण विकसित केले आहे, ते ओल्या खड्ड्यातही भरता येते. मुरूम आणि विटांचे तुकडे टाकून केलेली भर मात्र पहिल्या सरीत वाहून जाते आणि नाली बुजवून दुहेरी नुकसान करते.

आता वजनाचा मुद्दा. अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात खास बांधलेल्या रस्त्यांवर रात्रंदिवस ट्रक चालवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ठोकताळा आजही वापरात आहे: अ‍ॅक्सलवरचे वजन दुप्पट झाले तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. या हिशेबाने दहा टनांचा एक अ‍ॅक्सल अर्ध्या टनाच्या मोटारीच्या अ‍ॅक्सलपेक्षा रस्त्याला एक लाख साठ हजार पट घासतो. म्हणजे मोहल्ल्यातल्या स्कूटर आणि मोटारींनी गल्ली खराब होत नाही. कोपऱ्यावरच्या बांधकामाला वाळू, गिट्टी, सळ्या आणणारे ट्रक आणि पाण्याचे भरलेले टँकर तिला संपवतात. ज्याच्या बांधकामासाठी हे ट्रक येतात, त्याच्याकडून आधीच अनामत घेऊन काम संपल्यावर रस्ता पूर्ववत करून घेणे न्यायाचे आहे आणि त्याला महापालिकेचा पैसाही लागत नाही.

खोदकामाचे तेच. चोवीस तास पाण्याच्या योजनेच्या जलवाहिन्या, दूरसंचार केबल, वीज, गडरलाइन ही सगळी गरजेची कामे आहेत. पण चर बुजवताना मातीचे पातळ थर देऊन प्रत्येक थर दाबायचा असतो. सगळी माती एकदम लोटून वर डांबर फासले की पहिल्याच पावसात तिथे लांबच लांब घळ पडते. नवा रस्ता करण्याआधी त्या गल्लीत पुढच्या काही वर्षांत कोण खोदणार आहे, हे एका टेबलावर बसून ठरवणे, हे डांबरावरच्या कोणत्याही खर्चापेक्षा स्वस्त आहे.

एवढे सांगितल्यावर पैशाचा हिशेब मांडता येतो. समजा एका झोनमध्ये १०० किलोमीटर गल्ल्या आहेत आणि डांबराचा वरचा थर आठ वर्षे टिकतो. मग दरवर्षी साडेबारा किलोमीटरवर नवा थर घालावाच लागेल. पैसा फक्त सहा किलोमीटरचा असेल तर प्रत्येक गल्लीची पाळी सोळा-सतरा वर्षांनी येणार, म्हणजे आयुष्य संपल्यानंतरची आठ-नऊ वर्षे लोक खड्ड्यांत काढणार. हे कोणाच्या आळसामुळे नाही, साध्या भागाकारामुळे होते. आता त्याच गल्ल्यांच्या नाल्या मोकळ्या ठेवून, चौथ्या-पाचव्या वर्षी चिरा भरून, वर पातळ सील कोट देऊन थराचे आयुष्य बारा वर्षांवर नेले, तर दरवर्षीची गरज साडेबारावरून साधारण आठ किलोमीटरवर येते. नव्या थरांचा पैसा न वाढवता तूट निम्म्याहून खूप कमी होते.

जगाचा अनुभव हेच सांगतो. जागतिक बँकेने १९८८ मध्ये ८५ विकसनशील देशांचा आढावा घेतला, तेव्हा वीस वर्षांत ४५ अब्ज डॉलरच्या किमतीचे रस्ते निगेअभावी वाया गेल्याचे दिसले. वेळेवर १२ अब्ज डॉलर खर्चले असते तर ते वाचले असते. दक्षिण आफ्रिकेच्या महामार्ग संस्थेचा अंदाज तर असा की निगा तीन वर्षे टाळली तर खर्च सहा पट होतो आणि पाच वर्षे टाळली तर अठरा पट.

यातला कडू भाग लपवण्यात अर्थ नाही. या हिशेबाने पहिला पैसा जातो तो बऱ्या रस्त्यावर, जो अजून वाचवता येतो. जो पूर्ण मोडला आहे, तो आणखी एक वर्ष तसाच राहिला तरी त्याच्या दुरुस्तीचा खर्च फारसा वाढत नाही. पण त्या मोडक्या रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला हे कसे सांगायचे? नागपुरात हा प्रश्न ‘५७२’ आणि ‘१९००’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेआउटमधल्या लोकांचा आहे. स्वस्तात भूखंड घेऊन वसलेल्या, मंजुरीविना राहिलेल्या आणि मग २००१ च्या गुंठेवारी कायद्याने नियमित होत गेलेल्या या वस्त्या. लोकांनी विकास शुल्क भरले, भूखंड नियमित झाल्याचे पत्र (आरएल) मिळवले आणि रस्त्याची वाट पाहत राहिले. वाचवण्याजोगा रस्ता त्यांच्याकडे कधी नव्हताच. म्हणून त्यांच्यासाठी अंदाजपत्रकात वेगळा, हात न लावता येणारा वाटा ठेवायला हवा. त्यातून प्रत्येक गल्लीला आधी नाली, मग नीट दाबलेला मुरूम आणि गिट्टी मिळावी. डांबर नंतर येईल. मोजक्या चार गल्ल्या चकचकीत करण्याऐवजी चाळीस गल्ल्या पावसाळ्यात चालण्याजोग्या करणे हे नागपूर आराखड्याच्या ०.३२ किलोमीटरच्या जातीचे काम आहे.

कंत्राटाचे म्हणाल तर उपाय नवा शोधावा लागत नाही. पुण्याचा जंगली महाराज रस्ता १९७० च्या दशकात रेकॉन्डो या कंपनीने दहा वर्षांच्या हमीवर बांधला आणि त्याचा टिकाऊपणा अजून उदाहरण म्हणून सांगितला जातो. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत बांधकामाबरोबरच पाच वर्षांच्या देखभालीचाही करार असतो. जो बांधेल त्यानेच सांभाळायचे असेल, तर तो नालीकडे पहिल्या दिवसापासून लक्ष देतो. शहरातल्या कंत्राटांतही दोषदायित्व कालावधी लिहिलेला असतो, पण तो कोणत्या गल्लीचा कधी संपतो, हे त्या गल्लीतल्या माणसाला ठाऊक नसते. मग हमीतला खड्डाही महापालिकेच्या पैशातून बुजतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई देण्याचा आदेश दिला. आता न बुजवलेल्या खड्ड्याचीही किंमत अंदाजपत्रकात धरावी लागेल.

प्रत्येक झोनमध्ये गल्लीवार एक नोंदवही हवी: शेवटचा थर कधी पडला, किती जाडीचा, कोणी टाकला, हमी कधी संपते, नाली आहे का, ती कोणत्या तारखेला उपसली, खोदकामाला परवानगी कोणाला दिली. ही वही लोकांपुढे उघडी ठेवली तर पहिला पैसा कोणत्या गल्लीला आणि का, यावर भांडण होईल, आणि ते व्हायलाच हवे. वाचकहो, तुमच्या गल्लीपुरत्या या नोंदी माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. अर्ज फेब्रुवारीत करा. उत्तर मार्चमध्ये येईल, आणि नाली उपसायला एप्रिल-मे हातात राहतील.